शेजारघरचा ग्रह : प्रॉक्झिमा बी खरंच ‘दुसरी पृथ्वी’ आहे का?

मे महिन्यात उकाड्याने झोप येत नाही म्हणून गच्चीवर अंथरूण टाकणाऱ्यांना एक गोष्ट फुकटात बघता येते. मेच्या मध्याला, रात्री साडेअकराच्या सुमारास तोंड बरोबर दक्षिणेला करायचे. क्षितिजाच्या थोडे वर दोन तेजस्वी तारे शेजारी शेजारी दिसतात. डावीकडचा जास्त ठळक, त्याचे नाव मित्र. उजवीकडचा मित्रक. आणखी उजवीकडे पतंगासारख्या आकाराचा त्रिशंकू. यातला मित्र हा रात्रीच्या आकाशातला तिसऱ्या क्रमांकाचा तेजस्वी तारा, म्हणजे व्याध आणि अगस्त्य यांच्या खालोखालचा. पाश्चात्त्य नावाने अल्फा सेंटॉरी.

हात लांब करून मूठ आडवी धरली तर तिची उंची आकाशात साधारण १० अंश भरते. बेळगाव आणि गोव्यातून मित्र तारा जास्तीत जास्त १३-१४ अंश वर येतो, म्हणजे एक मूठ आणि वर दोन बोटे. हैदराबादेतून १२ अंशांच्या आसपास. इंदूर आणि वडोदऱ्याहून मात्र मूठभरसुद्धा नाही, ६-७ अंशच. आणि ग्वाल्हेरकरांना तो जेमतेम ३ अंश वर दिसतो. समोर मोकळे माळरान आणि धूळ नसलेली हवा असेल तरच. पुण्या-मुंबईच्या पंचांगात किंवा आकाश नकाशात छापलेली उंची या सगळ्या गावांना सारखी लागू होत नाही, हे त्यामागचे साधे कारण. जितके दक्षिणेला जाल तितका हा तारा वर येतो.

या मित्र ताऱ्याच्या अगदी जवळ, दोन अंशांवर, आणखी एक तारा आहे जो कुणालाच दिसत नाही. बेळगावहूनही नाही आणि कन्याकुमारीहूनही नाही. उघड्या डोळ्यांना दिसायला हवा त्यापेक्षा तो सुमारे १०० पट मंद आहे. त्याचे नाव प्रॉक्झिमा सेंटॉरी, आणि सूर्य सोडला तर आपल्याला सर्वांत जवळचा तारा तोच. त्याच्याभोवती फिरणारा एक लहान ग्रह २०१६ मध्ये सापडला. तेव्हापासून दर सहा महिन्यांनी कुठल्यातरी व्हॉट्सअॅप ग्रुपवर ‘दुसरी पृथ्वी सापडली, पाणीही आहे, माणूस लवकरच जाणार’ असा मजकूर हिरव्यागार डोंगरांच्या चित्रासह फिरतो. चित्र अर्थातच कुणीतरी काढलेले असते. त्या ग्रहाचा फोटो आजवर निघालेला नाही.

मग शास्त्रज्ञांना तो आहे हे कळले कसे, आणि त्याच्याबद्दल पक्के किती, अंदाज किती?

इंदुरात वाटाणा, वडोदऱ्यात मोहरी

आधी अंतर डोक्यात बसवावे लागते. प्रॉक्झिमा ४.२४ प्रकाशवर्षे दूर आहे. किलोमीटरमध्ये सांगायचे तर ४० लाख कोटी. हा आकडा वाचून कुणालाच काही कळत नाही, त्यामुळे तो लहान करून बघू.

समजा पृथ्वी आणि सूर्य यांच्यातले अंतर (खरे १५ कोटी किलोमीटर) एक मीटर धरले. या मापाने सूर्य सव्वानऊ मिलिमीटरचा, म्हणजे एक वाटाणा होतो. हा वाटाणा इंदूरच्या राजवाड्यासमोर ठेवला, तर प्रॉक्झिमा सुमारे २६८ किलोमीटरवर येतो. नकाशावर सरळ रेघ मारली तर जवळपास वडोदऱ्यापर्यंत. आणि तिथे तो वाटाणाही नसतो, दीड मिलिमीटरची मोहरी असते. मित्र तारा दिसायला एक असला तरी खरे तर दोन ताऱ्यांची जोडी आहे. ती जोडी म्हणजे वडोदऱ्यापासून १३ किलोमीटरवर, एकमेकांपासून सरासरी २३ मीटरवर ठेवलेले दोन वाटाणे. मधल्या सगळ्या रस्त्यात, झाबुआ आणि दाहोद धरून, दुसरा तारा नाही.

आता तो ग्रह. मोहरीपासून पाच सेंटीमीटरवर रांगोळीचा एक कण. एवढंच.

प्रवासाच्या भाषेत सांगायचे तर ताशी १६० किलोमीटरने वंदे भारत एकही थांबा न घेता पळत राहिली, तर पोचायला पावणेतीन कोटींहून अधिक वर्षे लागतील. १९७७ मध्ये सुटलेले व्हॉयेजर १ हे यान सेकंदाला १७ किलोमीटर वेगाने सूर्यापासून दूर चालले आहे. ते प्रॉक्झिमाच्या दिशेने जात नाही, पण गेले असते तरी सुमारे ७५ हजार वर्षे लागली असती. ‘माणूस लवकरच जाणार’ या वाक्याचा निकाल इथेच लागतो. नुसता रेडिओ संदेश पाठवायचा म्हटला तरी, पहिलीतल्या पोराने ‘कसे आहात?’ म्हणून विचारले तर उत्तर येईपर्यंत ते नववीत गेलेले असेल.

मित्र तारा एक नसून दोन आहेत, हे पहिल्यांदा भारतातूनच दिसले ही गोष्ट फार कुणाला ठाऊक नसते. १६८९ च्या डिसेंबरात झां रिशो नावाचे फ्रेंच जेझुइट पाद्री पाँडिचेरीत एका धूमकेतूचा पाठलाग करत होते. दुर्बीण त्या बाजूला वळली आणि एका ताऱ्याच्या जागी दोन दिसले. तिसरा भाऊ, म्हणजे प्रॉक्झिमा, सापडायला मात्र त्यानंतर सव्वादोनशे वर्षे लागली. १९१५ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील जोहान्सबर्गच्या वेधशाळेत रॉबर्ट इनेस यांनी तो हुडकला. वेगवेगळ्या वर्षी काढलेल्या फोटोंच्या काचा शेजारी शेजारी ठेवून कोणता ठिपका जागचा हलला हे त्यांनी पाहिले. प्रॉक्झिमा हा लॅटिन शब्द, अर्थ ‘सर्वांत जवळची’.

दीड रुपयाचा दिवा

प्रॉक्झिमा हा लाल बटुतारा आहे. वस्तुमान सूर्याच्या १२ टक्के, पृष्ठभागाचे तापमान सुमारे ३ हजार केल्विन. सूर्याचे साडेपाच हजारांच्या वर आहे. पण खरा फरक प्रकाशात. सूर्य जेवढ्या वेळात हजार रुपयांची ऊर्जा उधळतो, तेवढ्या वेळात प्रॉक्झिमा दीड रुपया खर्च करतो. एवढा काटकसरी असल्यामुळे तो टिकणारही तसाच. सूर्याचे इंधन आणखी पाचेकशे कोटी वर्षांत संपत येईल. प्रॉक्झिमा लाखो कोटी वर्षे मिणमिणत राहील.

असे लाल बटुतारे आपल्या आकाशगंगेत अपवाद नाहीत, उलट तेच बहुसंख्य आहेत. चारातले साधारण तीन तारे या जातीचे. तरीही रात्री आकाशात नीटपणे एकही दिसत नाही, इतके ते मंद. आपल्याला दिसतात ते श्रीमंत घरचे दिवे. वस्ती बहुतेक अंधारातच आहे. म्हणूनच प्रॉक्झिमाभोवतीच्या एका ग्रहाचा प्रश्न त्या एका ग्रहापुरता राहत नाही. लाल बटुताऱ्याजवळच्या ग्रहावर हवा आणि पाणी टिकू शकत असेल, तर जीवसृष्टीला जागा अफाट आहे. टिकू शकत नसेल, तर तीन चतुर्थांश तारे यादीतून एका फटक्यात बाद.

फुगडीचा पुरावा

फुगडी घालताना एक मोठी बाई आणि एक लहान पोर असेल तर काय होते? पोर गरगर मोठ्या वर्तुळात फिरते, पण बाईही जागेवर स्थिर राहत नाही. तीही थोडी थोडी झोकांड्या घेते. पोर अंधारात असले आणि फक्त बाई दिसत असली, तरी तिच्या झोकांड्यांवरून कळते की हात कुणीतरी धरलाय. तारा आणि ग्रह यांचे असेच असते.

तारा झोकांडी घेताना कधी आपल्याकडे सरकतो, कधी आपल्यापासून दूर. जवळ येणाऱ्या रेल्वेची शिट्टी बारीक ऐकू येते आणि गाडी पुढे गेली की ती जाड होते. प्रकाशाचेही तसेच. तारा जवळ येत असला की त्याच्या वर्णपटातल्या रेषा निळ्या बाजूला किंचित सरकतात, दूर जात असला की लाल बाजूला. ही सरकण मोजली की वेग मिळतो.

चिलीमधील ला सिया येथे युरोपियन सदर्न ऑब्झर्व्हेटरीची ३.६ मीटर व्यासाची दुर्बीण आहे आणि तिला हार्प्स नावाचे उपकरण जोडलेले आहे. लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातले गिलेम अंग्लादा-एस्कुदे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९ जानेवारी ते ३१ मार्च २०१६ या काळात जवळपास रोज रात्री प्रॉक्झिमावर नजर ठेवली. त्यांना दिसले ते असे : तारा दर ११.२ दिवसांनी एकदा पुढे येतो, एकदा मागे जातो. वेग ताशी ५ किलोमीटर. म्हणजे सकाळी फिरायला जाणारा माणूस ज्या चालीने चालतो तीच. ४० लाख कोटी किलोमीटरवरच्या ताऱ्याची चाल मोजली आणि ती निघाली मॉर्निंग वॉकची!

हा वेग कमी वाटेल, पण पृथ्वी सूर्याला जी झोकांडी देते ती सेकंदाला फक्त ९ सेंटीमीटरची. प्रॉक्झिमा हलका आणि ग्रह त्याला अगदी खेटून, म्हणून इथे तीच झोकांडी सेकंदाला जवळपास १४० सेंटीमीटर झाली. छोटे खडकाळ ग्रह शोधायला सगळे लाल बटुताऱ्यांकडेच का धावतात, त्याचे उत्तर यात आहे. लहान पोराशी फुगडी घालणारी बाईही बारकी असेल, तर झोकांडी जास्त दिसणारच.

शास्त्रज्ञांनी घाई केली नाही, आणि त्याला कारण होते. २०१२ मध्ये याच कुटुंबातल्या, म्हणजे मित्र जोडीतल्या दुसऱ्या ताऱ्याभोवती पृथ्वीएवढा ग्रह सापडल्याची घोषणा झाली होती. जगभर मथळे झाले. २०१५ मध्ये तीच मोजमापे दुसऱ्या गटाने नव्याने तपासली तेव्हा ग्रह नाहीसा झाला. निरीक्षणे ज्या ज्या रात्री घेतली होती त्यांच्यातल्या अंतरामुळे आणि हिशोबाच्या पद्धतीमुळे ती लय तयार झाली होती. खतावणी जुळली, पण मुळात व्यवहारच झाला नव्हता, असा प्रकार. शिवाय ताऱ्यावरचे डागही फिरत फिरत ग्रहासारखी नक्कल करू शकतात. म्हणून २०१६ मध्ये हार्प्स वेग मोजत असताना दुसऱ्या दुर्बिणी ताऱ्याची उजळता मोजत होत्या. डागांमुळे झोकांडी भासत असती तर उजळताही ११ दिवसांच्या तालात बदलली असती. तशी ती बदलली नाही. आधीच्या वर्षांतली जुनी मोजमापे घातली तेव्हाही तोच ताल निघाला. २४ ऑगस्ट २०१६ रोजी ‘नेचर’मध्ये शोध प्रसिद्ध झाला. पुढे एस्प्रेसो नावाच्या अधिक अचूक उपकरणाने २०२० मध्ये त्याला दुजोरा दिला. ग्रह आहे, याबद्दल आता वाद नाही.

उलट २०२२ मध्ये आणखी एक भावंड सापडले. प्रॉक्झिमा डी, ५.१ दिवसांत फेरी मारणारा, पृथ्वीच्या सुमारे पाव वस्तुमानाचा. त्याने ताऱ्याला दिलेली झोकांडी सेकंदाला ४० सेंटीमीटर. ती मुंगीची नाही, पण रांगत्या बाळाची चाल म्हणता येईल. सी नावाच्या तिसऱ्या, लांबच्या ग्रहाचाही दावा झाला होता, त्याच्यावर मात्र मतभेद आहेत.

‘किमान’ हा शब्द वगळू नका

बातम्यांत ‘पृथ्वीच्या १.३ पट वजनाचा ग्रह’ असे छापून आले. नंतरच्या मोजमापांत हा आकडा खाली येत गेला, १.२ च्या खाली आला. पण मूळ वाक्यात एक शब्द होता, ‘किमान’. तो बऱ्याच ठिकाणी गळाला.

झोकांडीतला जो भाग आपल्याकडे किंवा आपल्यापासून दूर असतो तेवढाच मोजता येतो. आडवी हालचाल या पद्धतीत दिसत नाही. ग्रहाची कक्षा आपल्याला कडेने दिसत असेल, ताटलीची कड दिसते तशी, तर मिळालेला आकडा खरा. कक्षा वाकडी असेल तर खरे वस्तुमान जास्त. वाकडेपणा कळलेला नाही. नुसत्या शक्यतेच्या हिशोबाने खरा आकडा किमान आकड्याच्या दुपटीच्या आत असण्याची शक्यता शंभरात ८६-८७. म्हणजे पैज लावायला चांगली, पण खात्री नव्हे.

ग्रहाचा आकारही ठाऊक नाही. आकार मोजण्याची सोपी रीत म्हणजे ग्रह ताऱ्यासमोरून जाताना ताऱ्याचा प्रकाश किती घटतो ते बघणे. म्हणजे छोटेसे ग्रहणच. पण प्रॉक्झिमा बी आपल्या बाजूने ताऱ्यासमोरून जातच नाही. स्पिट्झर अवकाश दुर्बिणीच्या निरीक्षणांनी २०१९ मध्ये हे जवळपास निश्चित केले. आकार नाही म्हणजे घनता नाही, आणि घनता नाही म्हणजे ‘खडकाळ’ हा शब्दसुद्धा अनुमान ठरतो. अनुमान भक्कम आहे, कारण एवढ्या वस्तुमानाचे जे जे ग्रह इतरत्र मोजता आले ते बहुतेक खडकाचेच निघाले. तरी ते अनुमान आहे.

तिथे ऊन किती पडते?

ग्रह ताऱ्यापासून सुमारे ७३ लाख किलोमीटरवर आहे. पृथ्वी सूर्यापासून जितकी लांब, त्याच्या विसाव्या हिश्शावर. अंतर २० पट कमी झाले की उष्णता २० गुणिले २०, म्हणजे ४०० पट जास्त मिळते. दिवा मात्र हजारात दीड रुपयाचा. दोन्हींचा गुणाकार केला की ०.६ येतो. नेमके आकडे घातले तर पृथ्वीला जेवढे ऊन मिळते त्याच्या ६५ टक्क्यांच्या आसपास. हवेचे पांघरूण अजिबात नाही असे धरले तर सरासरी तापमान उणे ४० सेल्सिअसच्या जवळ. हे वाचून थंडी वाजण्याचे कारण नाही, कारण हवा नसती तर आपली पृथ्वीही सरासरी उणे १८ वर असती. पांघरूण असेल तर पाणी द्रवरूपात राहू शकेल, एवढ्या अंतरावर हा ग्रह आहे. ‘राहण्याजोगा पट्टा’ म्हणतात तो हाच. त्या शब्दाचा अर्थ इतकाच की जागा बरी आहे. घर बांधलंय की नाही, पाण्याचं कनेक्शन आहे की नाही, ते सांगितलेलं नसतं. बिल्डरच्या जाहिरातीतला ‘स्टेशनपासून पाच मिनिटं’ जसा, तसा हा शब्द वाचावा.

वर्ष ११.२ दिवसांचे. चाळिशीतला माणूस तिथल्या गणतीने १३०० वर्षांचा होईल. दर अकरा दिवसांनी पाडवा येईल हे ठीक, पण दर अकरा दिवसांनी ३१ मार्चही येईल. हिशोबनीसांनी त्या बाजूला न फिरकलेलेच बरे.

आणखी एक भानगड आहे. आपला चंद्र जसा पृथ्वीला नेहमी एकच चेहरा दाखवतो, तसा ताऱ्याच्या इतक्या जवळचा ग्रह ताऱ्याला बहुधा एकच बाजू दाखवत राहतो. एका अर्ध्या भागावर कायम दुपार, दुसऱ्यावर कायम रात्र, आणि मध्ये गोल फिरणारा कायमच्या संधिप्रकाशाचा पट्टा. दुसरी शक्यता बुधासारखी, दोन फेऱ्यांत तीन वेळा स्वतःभोवती फिरण्याची. कायम रात्रीच्या बाजूला सगळी हवाच गोठून पडेल अशी पूर्वी भीती होती. हवामानाच्या गणितांनी नंतर दाखवले की पुरेसे वातावरण असेल तर वारे उष्णता पलीकडे वाहून नेतात. ‘पुरेसे वातावरण असेल तर’ या चार शब्दांत सगळे अडकले आहे.

भडकणारा शेजारी

प्रॉक्झिमा मंद आहे म्हणून गरीब नाही. लाल बटुताऱ्यांच्या पोटातला वायू ढवळत राहतो, त्यातून ताकदीची चुंबकक्षेत्रे तयार होतात, ती तुटतात आणि भडका उडतो. सूर्यावरही भडके उडतात, पण सूर्य १५ कोटी किलोमीटरवर आहे. इथे ग्रह चुलीला खेटून बसलाय.

गंमत म्हणजे हार्प्स शांतपणे झोकांड्या मोजत होते त्याच मार्च २०१६ मध्ये प्रॉक्झिमावर एक महाभडका उडाला. चिलीतल्याच एव्हरीस्कोप या दुर्बीण-संचाने तो टिपला. तारा काही मिनिटांपुरता इतका उजळला की अगदी काळोख्या जागेवरून उघड्या डोळ्यांच्या मर्यादेजवळ आला. मग १ मे २०१९. त्या दिवशी हबल, टेस, चिलीतला अल्मा आणि ऑस्ट्रेलियातली रेडिओ दुर्बीण अशा अनेक उपकरणांची नजर एकाच वेळी ताऱ्यावर होती. फक्त सात सेकंदांचा भडका, पण अतिनील प्रकाशात तारा तेवढ्यात १४ हजार पट तेजस्वी झाला. कोलोरॅडो विद्यापीठाच्या मेरेडिथ मॅकग्रेगर यांच्या गटाने २०२१ मध्ये हे प्रसिद्ध केले.

अशा माऱ्याने दोन गोष्टी होतात. ओझोनसारखे संरक्षक थर असलेच तर ते उसवतात. आणि वातावरणाचे वरचे थर तापून हळूहळू अवकाशात निसटतात. त्यात बालपणाचा जाच वेगळा. लाल बटुतारे जन्मल्यावर कोट्यवधी वर्षे आजच्यापेक्षा बरेच तेजस्वी असतात. आजच्या बऱ्या जागेवरचा ग्रह त्या काळात भट्टीत होता. समुद्र असतील तर वाफ होऊन उडालेले असू शकतात. बाजूने बोलायचे तर, ग्रह मुळात लांब जन्मून नंतर आत सरकला असेल, किंवा त्याला पृथ्वीसारखे चुंबकीय कवच असेल, किंवा खूप पाणी घेऊनच आला असेल, तर काही शिल्लक राहू शकते. संगणकावरची गणिते दोन्ही बाजूंची उत्तरे देतात. सुरुवातीला काय धरले त्यावर ते ठरते.

इतर लाल बटुताऱ्यांकडून आलेल्या बातम्या फारशा आशादायक नाहीत. ४० प्रकाशवर्षांवरच्या ट्रॅपिस्ट-१ ताऱ्याचे सात ग्रह आहेत. त्यांतल्या सर्वांत आतल्या ग्रहाची उष्णता जेम्स वेब दुर्बिणीने मोजली. दिवसाची बाजू २३० सेल्सिअसच्या आसपास निघाली. जाड वातावरण असते तर उष्णता मागच्या बाजूला पसरून ही बाजू थोडी थंड असती. त्याच्या पुढच्या ग्रहावरही शुक्रासारखी दाट हवा आढळली नाही. हे दोन्ही ग्रह प्रॉक्झिमा बीपेक्षा बरेच जास्त तापलेले आहेत, त्यामुळे त्यांच्यावरून थेट निकाल देता येत नाही. पण कागदावर एवढ्या नोंदी उणे बाजूला गेल्या आहेत हे खरे.

आणि हो, ‘तिथून सिग्नल आला’ हाही मजकूर फिरतो. त्यात तथ्याचा एक धागा आहे. एप्रिल-मे २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स रेडिओ दुर्बिणीने प्रॉक्झिमाच्या दिशेने ९८२ मेगाहर्ट्झवर एक अरुंद लहर नोंदवली. दुर्बीण दुसरीकडे वळवली की ती गायब, परत वळवली की हजर. २०२० च्या अखेरीस बातमी फुटली. पण २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तपासणीत तशाच ठेवणीच्या लहरी दुसऱ्या वारंवारितांवरही सापडल्या, आणि तेव्हा दुर्बीण प्रॉक्झिमाकडे नव्हतीच. म्हणजे ते इथल्याच कुठल्यातरी इलेक्ट्रॉनिक यंत्राचे कुरकुरणे होते. खुलासा मूळ मजकुराइतका फॉरवर्ड झाला नाही.

बेळगावातून कोल्हापूरचा रुपया

आता उरतो तो फोटो. प्रॉक्झिमा बी ताऱ्यासमोरून जात नसल्याने ट्रॅपिस्टसारखी ग्रहणाची युक्ती इथे चालत नाही. त्याचा स्वतःचा प्रकाश ताऱ्याच्या झगमगाटापासून सोडवावा लागेल. आकाशात ग्रह आणि तारा यांच्यातले अंतर किती? कोल्हापुरात कुणीतरी एक रुपयाचे नाणे हातात धरले आणि बेळगावातून ते बघितले, तर त्या नाण्याच्या एका कडेपासून दुसरीपर्यंत जेवढे अंतर दिसेल, साधारण तेवढे. त्यात एका कडेला दिवा पेटलेला, आणि दुसऱ्या कडेला त्याच्या कोट्यांश उजेडाचा कण. आजच्या दुर्बिणींना हे जमत नाही.

चिलीतल्या सेरो आर्माझोनेस डोंगरावर ३९ मीटर व्यासाच्या आरशाची दुर्बीण उभी राहते आहे. एक्स्ट्रीमली लार्ज टेलिस्कोप असे तिचे सरळसोट नाव. इतका रुंद आरसा त्या नाण्याच्या दोन कडा वेगळ्या करू शकतो. हे दशक सरत असताना ती सुरू व्हावी असे नियोजन आहे. ग्रहाचा प्रकाश वेगळा काढता आला, की त्यात पाण्याची वाफ, ऑक्सिजन, कार्बन डायऑक्साइड यांच्या खुणा आहेत का, हे बघता येईल. तेव्हा ‘पुरेसे वातावरण असेल तर’ यातला ‘तर’ निघून जाईल, एका बाजूने किंवा दुसऱ्या.

तिथे कुणी उभे असतेच, तर त्याला प्रॉक्झिमा आपल्या सूर्याच्या तिप्पट रुंद आणि केशरी-लाल दिसला असता. आणि रात्रीच्या बाजूला आकाशात शर्मिष्ठेच्या एम अक्षराशेजारी एक जास्तीचा पिवळसर तारा दिसला असता. तो आपला सूर्य.

आपल्या बाजूने बघायचे असेल तर हंगाम लक्षात ठेवावा लागतो. जूनच्या पहिल्या आठवड्यात मित्र तारा रात्री सव्वादहाच्या सुमारास सर्वांत वर असतो, पण तोवर बेळगाव-गोव्याकडे ढग आलेले असतात. पावसाळा सरेपर्यंत तो संध्याकाळीच मावळायला लागतो. पुन्हा दिसतो तो जानेवारीच्या शेवटाला, पहाटे दक्षिणेकडे. फेब्रुवारीच्या मध्याला साडेपाचच्या आसपास तो बरोबर दक्षिणेला येतो आणि उजाडायला अजून वेळ असतो. ग्वाल्हेरकरांनी मात्र शहराच्या दक्षिणेला बाहेर पडून, वाटेत टेकडी येणार नाही अशी जागा आधीच बघून ठेवावी.